आजी आणि बाळ, दोघांनाही जुलाब: आधी कोणाकडे बघायचं?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. सासूबाई ७६ वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू. मुलगा ८ महिन्यांचा, वजन साडेसात किलो, अंगावर पितो आणि वरचं खायला नुकतं लागलाय. परवा गावची जत्रा करून आलात. काल दुपारपासून बाळाला पाण्यासारखी शी, आठ वेळा झाली. रात्रीपासून सासूबाईंनाही जुलाब, चार वेळा. शेजारच्या काकू म्हणतात दात येतायत, दूध बंद करा. सासूबाई ओआरएस घ्यायला तयार नाहीत, कारण त्यात मीठ आणि साखर, आणि त्यांना दोन्ही वर्ज्य. दोघांना एकच औषध चालेल का आणि आधी कोणाला दवाखान्यात न्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी तालुक्याच्या गावी २८ वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. पाऊस सुरू झाला की आठवड्याला असं एखादं तरी घर माझ्यासमोर येतं. एका हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, मागून भिंतीला धरत येणारी आजी, आणि मधे त्या दोघांचं करून थकलेली सून. त्या सुनेचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तुमचाच असतो.

तुम्ही जुलाब मोजताय. बाळाला आठ आणि आजींना चार, म्हणजे बाळ जास्त आजारी, असा हिशोब मनात बसलाय. तो अगदीच चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. किती वेळा झाली यापेक्षा अंगातलं पाणी किती गेलं आणि त्यातलं किती परत आत गेलं, हे महत्त्वाचं. आणि या घरात नेमकी दोन माणसं अशी आहेत की जी स्वतः पाणी मागणार नाहीत. बाळाला मागता येत नाही. आजींना तहान लागतच नाही. हे मी शब्दशः म्हणते आहे. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते, अंग कोरडं पडलं तरी घसा मागत नाही. त्यामुळे ‘तहान लागली की देईन’ हा नियम दोघांच्याही बाबतीत उपयोगाचा नाही. तहान लागायच्या आधीच, तासाच्या काट्यावर पाजायचं.

आधी बाळाचं बघू. साडेसात किलोच्या बाळाला दिवसाला साधारण पाऊण लिटर द्रव लागतं. तुमच्या-माझ्याशी वजनाच्या मानाने तुलना केली तर हे तिप्पट भरतं. म्हणजे त्याच्या अंगात पाण्याची उलाढाल फार वेगाने चालते आणि बंद पडली तर तितक्याच वेगाने बिघडते. एका पाणीदार शीत पन्नास-साठ मिली गेलं असं धरलं, तर बारा-तेरा वेळांत पाऊण लिटर गेलं. हा त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा. मधे काहीच आत गेलं नाही तर या पातळीला बाळ ग्लानीत जाऊ शकतं, आणि हे सगळं एका दिवसात होऊ शकतं. म्हणून बाळाच्या बाबतीत मी उद्या बघू म्हणत नाही, दर चार तासांनी बघा म्हणते.

काय बघायचं? पहिली गोष्ट शू. इथे डायपरने घोटाळा केलाय. डायपर ओला दिसतो, पण तो शीच्या पाण्याने की शूने, कळत नाही. मी आयांना सांगते, दोन दिवस डायपर ठेवून द्या आणि सुती लंगोट वापरा. डायपरच वापरायचा असेल तर पुढच्या बाजूला स्वच्छ कापसाची घडी ठेवा. ती शूने भिजलेली दिसते, शी बहुतेक मागच्या बाजूला राहते. सहा तासांत एकदाही शू नाही, तर माझ्या लेखी तो दवाखान्यात न्यायचा निरोप.

दुसरी गोष्ट, बाळाचा चेहरा आणि वागणं. डोळे आत गेलेत का, रडताना पाणी येतं का, टाळू खोल वाटते का, जीभ चिकट झाली आहे का. पोटाची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडली तर लगेच बसते की घडी राहते. पाण्याची वाटी पुढे केल्यावर बाळ हपापल्यासारखं झेप घेत असेल, कुरकुर करत असेल, तर पाणी कमी झालंय. ते अजून भांडतंय, म्हणजे वेळ हातात आहे. मला खरी भीती वाटते ती शांत बाळाची. ‘सकाळी खूप रडत होतं, आता शांत झोपलंय’ हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम टाकून आधी त्या बाळाकडे जाते. जागं करून पाहा. अंगावर घ्यायला नीट तोंड लावतंय का? लावत नसेल, हातपाय गार असतील, तर घरी पाजत बसू नका. वाटेत चमच्याने पाजत पाजत न्या.

मुंबईत गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या आया बाळाला अफूची बाळगोळी देऊन निजवत. आज तशी गोळी कोणी देत नाही, पण उगाळलेल्या जायफळाचं बोट अजून घराघरांत चाटवलं जातं. जायफळाने गुंगी येते. जुलाब झालेल्या बाळाला गुंगी आली की ते पिणं सोडतं, आणि ते औषधाने झोपलंय की पाणी कमी पडून, हे मलाही सांगता येत नाही. म्हणून आजारपणात गुटी, जायफळ, मुरडशेंग सगळं बंद. मधाचं बोटही एक वर्षाच्या आत नको, आजारी नसतानाही नको.

आता काकूंच्या सल्ल्याबद्दल. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ किरकिर करतं. पाण्यासारखे आठ जुलाब दातांनी होत नाहीत. होतं असं की याच वयात बाळ रांगायला लागतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू होतं, आणि आईकडून आलेली प्रतिकारशक्ती उतरणीला लागलेली असते. दात त्याच सुमारास उगवतात, म्हणून आळ त्यांच्यावर येतो. दूध बंद करणं तर उलटं आहे. अंगावरचं दूध अजिबात थांबवू नका, नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. वरचं खाणंही चालू ठेवा: मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, कुस्करलेलं केळं, थोडं तूप. आतड्याला विश्रांती म्हणून उपाशी ठेवायची जुनी पद्धत होती. त्याने जुलाब लवकर थांबत नाहीत, बाळ मात्र खंगतं.

ओआरएस किती? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे आपल्या नेहमीच्या वाटीने तिसरा हिस्सा ते अर्ध्याहून थोडं जास्त. बाटलीने नको, वाटी-चमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. ‘पाजलं की ओकतंय’ असं सांगणाऱ्या घरांत मी स्वतः पाजून बघते तेव्हा बहुतेक वेळा असं दिसतं की आजोबांनी मायेपोटी अर्धी वाटी एका दमात घातलेली असते. पोट बिघडलेलं बाळ अर्धी वाटी ठेवत नाही, चमचा ठेवतं. डोळे थोडे आत गेलेत, बाळ हपापून पितंय, अशी अवस्था असेल तर किलोमागे ७५ मिली चार तासांत द्यायचं असतं. तुमच्या बाळाला ते साधारण ५६० मिली होईल, दर पाच मिनिटांना दोन-अडीच छोटे चमचे. हे मी माझ्या नजरेखाली, दवाखान्याच्या बाकावर बसवून करून घेते. तुम्हीही तसंच, कोणाच्या तरी देखरेखीखाली करा.

ओआरएस बनवण्यात एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यासाठी थोडं थांबते. काही वर्षांपूर्वी एक आजोबा नातवाला घेऊन आले. जुलाब जवळजवळ थांबलेले, तरी बाळ सारखं रडत होतं, चिडत होतं, पाणी दिसलं की तुटून पडत होतं. ओआरएस देताय का विचारलं, तर अभिमानाने म्हणाले, ‘देतोय की, घट्ट करून देतोय, म्हणजे ताकद येईल.’ एक लिटरचं अख्खं पाकीट त्यांनी पेलाभर पाण्यात कालवलं होतं. ते ओआरएस राहिलंच नव्हतं, बाळाच्या रक्तातलं मीठ वाढवणारं पाणी झालं होतं. अशा बाळाला झटके येऊ शकतात. ते बाळ जिल्ह्याच्या ठिकाणी चार दिवस राहून बरं झालं. तेव्हापासून मी नुसतं ओआरएस लिहून देत नाही, टेबलावर लिटरची बाटली ठेवलेली असते ती दाखवते. मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाणी, छोटं असेल तर २०० मिली. पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचायचं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या, असं करायचं नाही. पाणी उकळून गार केलेलं घ्या. बनवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओता. साखर, लिंबू, ग्लुकोज पावडर, काही घालायचं नाही.

आणि दुकानातून आणताना नाव नीट बघा. टेट्रापॅकमधली गोड पेयं बरीच वर्षं ओआरएस या नावावर विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. जास्त साखरेचं पेय आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढवतं. एका लिटरमध्ये सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, हे चार आकडे पाकिटावर असले की ते खरं ओआरएस. नसतील तर ते सरबत.

हेच आकडे आता सासूबाईंना वाचून दाखवा, कारण त्यांच्या शंकेचं उत्तर त्यातच आहे. २०० मिलीच्या पेल्यात ग्लुकोज पावणेतीन ग्रॅम येतं, म्हणजे साखरेच्या छोट्या चमच्यापेक्षाही कमी. मीठ अर्धा ग्रॅम. जुलाबातून याहून जास्त मीठ बाहेर गेलेलं असतं. आपण भरपाई करतोय, वर भर घालत नाही. आणि ते ग्लुकोज गोडीसाठी नसतं. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत जाताना मिठाला हाताला धरून नेतं आणि मिठामागे पाणी जातं. जुलाबात बाकी दारं बंद असली तरी हे दार उघडं राहतं. नुसतं पाणी प्यायलं तर निघून जातं, हे टिकतं ते त्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. माझ्याकडे ‘सलाईन लावाच’ म्हणून हटून बसणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते. पटतेच असं नाही. सलाईनच्या बाटलीचा एक मान असतो, वाटी-चमच्याला तो नाही.

तर ओआरएस दोघांनाही चालतं. पण इथून पुढे दोघांची वाट वेगळी होते, आणि तुमच्या प्रश्नातला जो भाग मला जास्त काळजीचा वाटतो तो आजींचा आहे.

त्यांच्या गोळ्यांचा डबा घ्या आणि एकेक पट्टी बघा. बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ लावलेला आहे का? असेल तर बहुधा त्यात लघवी जास्त करणारं औषध आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांपैकी काही आहे का? शुगरसाठी मेटफॉर्मिन आहे का, डॅपाग्लिफ्लोझिनसारखं शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेलं काही आहे का, ग्लिमेपिराइड आहे का? आणि गुडघ्यांसाठी अधूनमधून घेतात ती दुखण्याची गोळी? ही सगळी एरवी चांगली औषधं आहेत, दुखण्याची गोळी सोडली तर मीही रोज लिहून देते. पण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना यांतली काही बीपी फार खाली आणतात, काही किडनीला मिळणारं रक्त कमी करतात, काही रक्तात आम्ल वाढवतात. ग्लिमेपिराइड घेतलं आणि जेवण गेलं नाही तर शुगर अचानक उतरते.

प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी हे मी स्वतः चुकले होते. सत्तरीच्या एक बाई जुलाब घेऊन आल्या. मी तपासलं, ओआरएस दिलं, काय खायचं ते सांगितलं, घरी पाठवलं. बीपीच्या गोळीबद्दल चकार शब्द विचारला नाही. त्यांनी शिस्तीने रात्रीची गोळी घेतली. पहाटे चार वाजता संडासला उठल्या आणि उंबऱ्यापाशी कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. जुलाब दोन दिवसांत थांबले. त्या पुन्हा कधी धड चालल्या नाहीत. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसाला जुलाब म्हटलं की मी पोटावर हात ठेवण्याआधी गोळ्यांचा डबा मागते.

म्हणून आज तुम्ही पहिलं काम हे करा: सासूबाईंच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावा, पट्ट्यांवरची नावं वाचून दाखवा आणि विचारा की जुलाब थांबेपर्यंत यांतलं काय बंद ठेवायचं. बहुतेक डॉक्टर लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि ‘ग्लिफ्लोझिन’ एक-दोन दिवस थांबवायला सांगतील, बीपीची गोळी आकडा बघून ठरवतील. इथे मी हातचं राखून बोलते आहे, कारण हे माणसागणिक बदलतं. हृदय कमजोर असेल, किडनीचा आजार आधीचा असेल, पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल, तर माझा सरसकट सल्ला त्यांना लागू नाही. इन्सुलिन चालू असेल तर ते मनाने बंद करायचं नाही, डोस विचारायचा. घरी बीपीचं मशीन असेल तर एकदा बसून आणि एकदा उभं राहून मिनिटभराने बीपी घ्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने उतरला, किंवा मुळातच शंभरच्या खाली असला, तर ती गोळी घेण्याआधी फोन झालाच पाहिजे. ग्लुकोमीटर असेल तर दिवसातून तीन-चारदा शुगर बघा. सत्तरच्या खाली गेली आणि शुद्ध नीट असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. त्या वेळी मधुमेह आहे म्हणून साखर नाकारायची नसते.

आणि रात्री त्यांना एकटीला संडासला जाऊ देऊ नका. खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, नसेल तर बेडपॅन. लाजतील, रागावतील. तरी ठेवा. उठताना आधी दोन मिनिटं खाटेवर पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं. जुलाबापेक्षा पडण्याने म्हातारी माणसं जास्त अंथरुणाला खिळलेली मी पाहिली आहेत.

पाणी कमी झाल्याची खूण आजींमध्ये कशी ओळखायची? इथे बाळाची परीक्षा चालत नाही. त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, जुलाब असोत वा नसोत. ती वयाने सैल झालेली असते. डोळेही मुळातच खोल. त्यापेक्षा जीभ बघा, काखेत हात घालून बघा. काख अगदी कोरडी वाटली तर पाणी कमी आहे. लघवीचा रंग बघा, चहासारखी गडद झाली का, आठ तास झालीच नाही का. आणि सर्वांत महत्त्वाचं, बोलणं बघा. कालपर्यंत भाजीवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या बाई आज वार चुकवतायत, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतायत, मधेच झोपतायत, तर तो म्हातारचळ नव्हे. वय एका रात्रीत वाढत नाही. पाणी कमी झालंय, शुगर उतरली आहे, मीठ घटलंय, किंवा दुसरीकडे कुठे इन्फेक्शन आहे. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, दोन्ही या वयात ताप न देता नुसत्या बडबडीने किंवा ग्लानीने सुरू होऊ शकतात. हे दिसलं तर आधी आजींना न्यायचं, मग त्यांचे जुलाब चार असोत की एक.

शहाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पाहुणे ते घेऊन येणारच. शहाळ्यात मीठ कमी आणि पोटॅशियम भरपूर असतं. बाकी कोणी एखादं प्यायलं तर बिघडत नाही. पण टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या शरीरात पोटॅशियम साठवून ठेवतात. किडनी थकलेली असताना दिवसाला चार शहाळी गेली तर ते हृदयाच्या ठोक्यांना बाधू शकतं. आजींना ओआरएसचा प्रत्येक जुलाबामागे एक पेला, मधे मीठ घातलेलं ताक, पेज, मुगाचं कढण, एवढं पुरे. ताक पुष्कळांना ओआरएसपेक्षा गळ्याखाली सहज उतरतं. त्याने पूर्ण काम भागत नाही, पण ओआरएसच्या दोन पेल्यांमधे ते उत्तम.

एक वेगळी शक्यता सांगून ठेवते, कारण ती हमखास चुकते. म्हाताऱ्या माणसांत कधीकधी जुलाब हे मुळात बद्धकोष्ठ असतं. खाली मळ दगडासारखा अडकून बसतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपत राहतं. माझ्याकडे एक आजोबा आठवडाभर जुलाब थांबवायच्या गोळ्या खाऊन आले होते. कपडे सारखे खराब होत, पोट फुगलेलं, भूक नाही. आत बोट घालून तपासलं तेव्हा कळलं. एनिमा दिला, तासाभरात माणूस हसायला लागला. तुमच्या सासूबाईंचे जुलाब बाळाच्या पाठोपाठ, जत्रेनंतर सुरू झालेत, त्यामुळे मला हे संभवत वाटत नाही. पण त्यांना आधीचे चार-पाच दिवस साफ झाली नव्हती असं आठवत असेल, रोज कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल, आणि आता थोडं थोडंच झिरपत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

जुलाब थांबवायची ती छोटी गोळी, लोपेरामाइड, बाळाला कधीच नाही. आतडं सुस्त पडतं, पोट फुगतं, घाण आत राहते. आजींनाही ताप असेल किंवा शीत रक्त असेल तर नाही. अँटिबायोटिकचंही तसंच. पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा त्याच्याशिवाय थांबतात. रक्त-शेंब पडत असेल, किंवा पटकीसारखे भाताच्या पेजेसारखे पांढुरके लोटच्या लोट जात असतील, तर गोष्ट वेगळी, तिथे लागतं आणि डॉक्टर देतील. मागच्या वेळची उरलेली अर्धी बाटली बाळाला पाजू नका.

बाळाला मात्र एक औषध नक्की द्यायचं: झिंक. सहा महिन्यांच्या वर रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. विरघळणारी गोळी येते, चमचाभर अंगावरच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून द्या. सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे ओआरएससोबत मिळते. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले की घरोघरी झिंकही थांबतं. तसं करू नका, चौदाही दिवस पूर्ण करा. या जुलाबांचा जोर त्याने कमी होतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याची शक्यताही घटते. बाळाचं लसीचं कार्डही काढा. रोटाव्हायरसचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. ते झाले असतील तर गंभीर जुलाबाचा एक मोठा धोका कमी आहे. सगळे जुलाब मात्र ती लस अडवत नाही.

बाळाच्या वयामुळे एक गोष्ट सांगायलाच हवी. पाच-दहा महिन्यांच्या बाळाच्या आतड्यात कधीकधी आतडंच शिरतं. ते कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, पांढरं पडतं, मग दहा-पंधरा मिनिटं गप्प, की पुन्हा तेच. उलट्या होतात, आणि पुढे शीत लालसर जेलीसारखं पडतं. हे साधे जुलाब नव्हेत. त्याला ओआरएस, झिंक काही नाही, जिथे मुलांचे सर्जन आहेत तिथे ताबडतोब न्यायचं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर एवढं: तुम्ही लिहिलंय की बाळ अंगावर घेतंय, आज दुपारपासून दोनदा शू झाली, खेळण्याकडे बघतंय. सासूबाई कालपासून दोन कप चहा सोडून काही प्यायल्या नाहीत, आणि सकाळी बीपीची गोळी त्यांनी घेतली. एवढ्यावरून मला विचाराल तर आज संध्याकाळच्या आत आधी सासूबाईंना दाखवा. बाळाला सोबत न्या, दोघांचं एकाच फेरीत होईल. रात्री बाळाची शू थांबली, ते पीत नाहीसं झालं, किंवा ताप १०२च्या वर गेला, तर मात्र क्रम बदलेल.

राहता राहिलात तुम्ही. बाळाचे लंगोट बदलणारा हात, सासूबाईंना ताक करून देणारा हात आणि भात शिजवणारा हात एकच आहे. सॅनिटायझरचे दोन थेंब जुलाबाच्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर भरवशाचे नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली, नखांच्या कडांसकट, अर्धा मिनिट. माठात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी उकळाच, किंवा आरोग्य केंद्रातून मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, मिळालं असेल तर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे थेंब टाकून अर्धा तास थांबा. आणि स्वतःसाठी एक पेला ओतून ठेवा, तुम्ही पाजताय म्हणजे तुमच्याही अंगातलं पाणी जातंय.

आता कॅलेंडरचं जुनं पान उलटं करा आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे बाळ, उजवीकडे आजी. प्रत्येक वेळी घड्याळ बघून तीनच गोष्टी लिहा: किती पाजलं, शू झाली का, शी झाली का. आजींच्या बाजूला बीपी-शुगरचे आकडे. दवाखान्यात डॉक्टर ‘कालपासून किती वेळा?’ विचारतील तेव्हा नवरा म्हणेल चार, सासूबाई म्हणतील दोन आणि तुम्हाला झोप नसल्यामुळे काहीच आठवणार नाही. तो कागद पुढे ठेवा.